रुग्णाच्या बाजूनं बोलणारं माणूस

मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं चौदावं कलम मी वहीत उतरवून ठेवलं आहे. २०१७ च्या या कायद्यानं कुणाही सज्ञान माणसाला एक साधा हक्क दिला. कोऱ्या कागदावर एक नाव लिहायचं, खाली सही किंवा अंगठा करायचा. माझं बरंवाईट मला ठरवता येणार नाही अशी वेळ आली तर माझ्या वतीनं हा माणूस बोलेल, असं ते लिहून देणं. स्टॅम्प पेपर लागत नाही, वकील लागत नाही. असं नाव कुणी लिहून ठेवलं नसेल तर नातेवाईक, नातेवाईक नसेल तर सांभाळ करणारा, तोही नसेल तर या कायद्याखालच्या मंडळानं नेमलेला, असा उतरत्या क्रमानं कुणीतरी उभा राहील याची सोयही कायद्यातच आहे.

मनाच्या आजाराला मिळालेला हा हक्क छातीच्या, पोटाच्या दुखण्याला आणि बाळंतपणालाही मिळाला पाहिजे. निदान जिथं रुग्णाची भाषा दवाखान्याला येत नाही, तिथं तरी तो तातडीनं मिळाला पाहिजे, आणि रुग्णाच्या बाजूनं बोलणाऱ्या या माणसाला सरकारी पगार मिळाला पाहिजे. एवढ्यासाठीच हा लेख लिहिते आहे.

मी देवासची. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, अंगणात माळवी आणि शाळेत हिंदी. नोकरी सरकारी नर्सची, आणि तिची बरीचशी वर्षं जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, लोहारदा-कांटाफोड-सतवास या पट्ट्यात गेली. देवास म्हटलं की मराठी वाचकाला टेकडीवरची चामुंडा, पवारांची थोरली आणि धाकटी पाती आणि कुमार गंधर्व आठवतात. ते देवास माळव्याच्या पठारावर आहे. विंध्य उतरून नर्मदेकडे निघालं की जिल्हा तोच राहतो, माणसं बदलतात. कोरकू, बारेला, भिलाला, गोंड. माळवी मागे पडते, निमाडीचा सूर लागतो, आणि रानातल्या पाड्यांवर कोरकू ऐकू येते. ही कोरकू आपल्या मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे बोलतात तीच. हिंदी-मराठीशी तिचं काही नातं नाही. तिचे सोयरे झारखंडातल्या संथाळी-मुंडारीकडे. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सात लाखांवर होते. म्हणजे एका मोठ्या शहराएवढी माणसं, आणि त्यांच्या भाषेत छापलेला संमतीचा एक कागद मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही.

दवाखान्याचं बोलणं हिंदीत, लिहिणं इंग्रजीत. मधल्या खिंडीत आम्ही नर्सा.

एक प्रसंग सांगते. पाड्यावरून एक बाळंतीण आणली होती. वार अडकलेली, रक्त जात होतं. डॉक्टरांनी इंदूरला पाठवायचं ठरवलं, चिठ्ठी लिहिली, गाडी बोलावली. नवरा दारात उभा, खांद्यावर पंचा, आणि तो नाही म्हणत होता. पुन्हा पुन्हा एकच काहीतरी सांगत होता. कंपाउंडरनं त्याला दोनदा रागावून पाहिलं, हिंदीत, मोठ्यानं. आपल्याकडे न समजणाऱ्याशी मोठ्यानं बोलायची फार सवय आहे. तेवढ्यात बाजाराला आलेली, मोहाची टोपली पायाशी ठेवून ओट्यावर टेकलेली एक म्हातारी उठली. तिला दोन्ही बोली येत होत्या. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि आम्हाला सांगितलं: तो बायकोला पाठवायला नाही म्हणत नाहीये. तिथं ती गेली तर तिला परत कशी आणू, असं तो विचारतोय. सरकारी गाडी जाताना नेते, प्रेत कोण आणतं? मागच्या साली त्याचा भाऊ असाच तिकडे गेला होता आणि त्याला परत आणायला बैल विकावा लागला होता.

या प्रश्नाला उत्तर होतं. डॉक्टरांनी ते दिलं, म्हातारीनं त्याला सांगितलं, आणि तो गाडीत चढला. बाई वाचली. ज्याला सगळे अडाणीपणा समजत होते तो एका संसारी माणसाचा हिशेब होता. म्हातारी टोपली उचलून बाजारात निघून गेली. कुठल्याही रजिस्टरात तिचं नाव नाही. ती त्या दिवशी बाजाराला आली नसती तर त्या बाईच्या केसपेपरवर आम्ही ‘नातेवाइकांनी नकार दिला’ असं लिहिलं असतं, आणि कागदोपत्री ते खरं ठरलं असतं.

आमच्या भागातल्या अवघड रुग्णाची वाट शेवटी इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाकडे जाते. सगळे त्याला एमवाय म्हणतात. देवास, धार, झाबुआ, बडवानी, सगळीकडून माणसं तिथं येतात, आणि हजारो गरिबांना या इमारतीनं जगवलं आहे, हे आधी सांगते. पण २०२५ च्या ऑगस्टअखेर तिथल्या नवजात अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले आणि पुढच्या काही दिवसांत दोन्ही बाळं गेली. एक देवासकडचं होतं, दुसरं धार जिल्ह्यातल्या आदिवासी घरातलं. मृत्यू उंदराच्या चाव्यानं झाले नाहीत, बाळं मुळातच फार आजारी होती, असं रुग्णालयाचं म्हणणं होतं. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. उंदरांबद्दल सगळीकडे लिहून आलं, ते यायलाच हवं होतं. मला मात्र दुसरी गोष्ट टोचत राहिली. धारच्या बाळाबद्दल आधी सांगण्यात आलं की आईबाप त्याला टाकून गेले. नंतर ते कुटुंब पुढे आलं आणि म्हणालं, आम्हाला कुणी काही कळवलंच नाही.

या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्यात मी नोकरी केली आहे. काचेमागच्या विभागात आईला आत बसू देत नाहीत. बाहेर किती दिवस थांबायचं, कुठं निजायचं, कुणाला विचारायचं, हे तिला समजेल अशा बोलीत कुणी सांगत नाही. घरी दुसरी लेकरं, शेतात काम, खिशातले पैसे संपलेले. ती गावी जाते. रजिस्टरात नोंद होते की नातेवाईक हजर नाहीत. रोज सकाळी एका माणसानं त्या दारापाशी उभं राहून, ‘बाळ कसं आहे ते मी सांगतो, तुम्ही कुठं आहात ते मला सांगा, फोन लागत नसेल तर गावातल्या आशाताईचा नंबर द्या’ एवढं म्हटलं असतं, तर ‘टाकून गेले’ हे शब्द उच्चारायची कुणाची छाती झाली नसती.

याच इंदुरात २०१० च्या सुमारास औषध चाचण्यांचं प्रकरण बाहेर आलं. सरकारी दवाखान्यात उपचाराला आलेल्या लोकांवर, लहान मुलांवर, मनोरुग्णांवर नव्या औषधांच्या चाचण्या झाल्या आणि आपण चाचणीत आहोत हे त्यांना कळलंच नव्हतं, अशी तक्रार होती. डॉ. आनंद राय यांनी ते प्रकरण लावून धरलं. २०१२ च्या सुरुवातीला राज्य सरकारनं बारा डॉक्टरांना दंड केला, प्रत्येकी पाच हजार रुपये. इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्या याचिकेमुळे २०१३ साली देशभरचे नियम बदलले: चाचणीत इजा झाली तर भरपाई, आणि रुग्णाची संमती घेतानाचं ध्वनिचित्रमुद्रण. २०१५ मध्ये ते मुद्रण काही ठरावीक चाचण्यांपुरतंच राखलं गेलं, ही पीछेहाट झाली असं मी मानते. कॅमेऱ्यासमोर समजावून सांगावं लागतं. समजावताना समोरच्याचा चेहरा दिसतो. कळलं की नाही ते चेहऱ्यावर लपत नाही.

अंगठा कसा घेतात ते वाचकांनी एकदा जवळून बघावं. शाईचं पॅड पुढे सरकवतात. बाईचा हात आखडलेला असतो, म्हणून कुणीतरी तिचं मनगट धरतं, अंगठा पॅडवर दाबतं आणि मग कागदावर, फुलीच्या खुणेशी. तिचं लक्ष कागदाकडे नसतंच, ते पोटाकडे असतं, नाहीतर दाराबाहेरच्या लेकराकडे. मग ती अंगठा भिंतीला पुसते. सरकारी दवाखान्यांच्या भिंतींवर कमरेच्या उंचीला जे जांभळे फराटे दिसतात ते या संमतीचे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात स्पष्ट सांगून ठेवलं आहे की पुरेशी माहिती मिळाल्यावर, स्वतः रुग्णानं दिलेली संमतीच खरी. त्या खटल्यातली बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर भुलीत होती आणि बाहेर आईची सही घेऊन तिचं गर्भाशय काढलं होतं. आईची सही न्यायालयानं मान्य केली नाही. सख्ख्या आईची चालत नाही, तर कंपाउंडरनं दाबलेला अंगठा कसा चालेल?

आता संस्कृतीबद्दल. या शब्दाखाली बरंच काही खपवलं जातं, म्हणून नीट मांडते. आमच्या वॉर्डात शस्त्रक्रियेआधी अंगावरचं सगळं काढायला सांगतात. चांदीची कडी, हसळी काढावीच लागते, कारण विजेच्या उपकरणानं धातूपाशी भाजू शकतं. पण काचेच्या बांगड्या? त्या निघाल्या नाहीत की फोडल्या जात. सासूच्या, नवऱ्याच्या देखत. नवरा जिवंत असताना बांगडी फुटलेली बाई कुठल्या मनानं टेबलावर झोपत असेल? एका जुन्या सिस्टरनं मला शिकवलं: ज्या हाताला सलाइन लावायचं नाही त्या हातावर बांगड्या वर सरकवायच्या आणि वरून चिकटपट्टीचे दोन वेढे द्यायचे. डॉक्टरांची हरकत नसते, त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. दोन वेढ्यांची पट्टी, बस. या एवढ्यावरून बाया पुढच्या खेपेला दवाखान्यात येतात किंवा येत नाहीत.

आणि दुसरी बाजू. तान्ह्या बाळाच्या पोटावर तापल्या सळईचे डाग मी पाहिले आहेत. न्यूमोनियानं बाळाचं पोट उडत असतं, आणि डाग दिला की ते शांत होईल अशी समजूत असते. मेळघाटातही हे आहे, आमच्याकडेही. हे चूक आहे, क्रूर आहे आणि थांबलंच पाहिजे. ‘त्यांची परंपरा’ म्हणून ते सोडून देणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पण बाळाचं पोट उघडं करून सगळ्या वॉर्डासमोर त्या आईला शिव्या देणारेही मी पाहिले आहेत. ती आई पुढच्या वेळी डाग द्यायचं थांबवत नाही, दवाखान्यात यायचं थांबवते. जो गावचा वैदू, भूमका किंवा बडवा, तिच्या हाकेच्या अंतरावर आहे, ज्याच्याकडे ती मध्यरात्री जाऊ शकते, त्याला गाठून ‘श्वास असा उडाला की हात लावू नकोस, आधी आमच्याकडे पाठव’ हे पटवणं लांबचं काम आहे, पण त्यानंच बाळं वाचतात. मेळघाटात भूमकांना दवाखान्याशी जोडून घेण्याचे प्रयत्न झाले ते याच समजुतीतून.

मनाच्या आजारांचंही तेच. आमच्याच जिल्ह्यात नर्मदेकाठी धाराजी आहे. भूतडी अमावास्येला तिथं अंगात येणाऱ्या, बडबडणाऱ्या, गप्प झालेल्या माणसांना घेऊन त्यांची घरची माणसं स्नानाला जायची. २००५ च्या एप्रिलमध्ये वरच्या धरणातून सोडलेलं पाणी रात्री एकाएकी चढलं आणि साठच्या वर माणसं वाहून गेली. तेव्हा कित्येक शिकलेल्या लोकांच्या तोंडी होतं, अंधश्रद्धेनं मेले. ते पाण्यानं मेले, आणि धरणावरून घाटावर वेळेत निरोप न पोहोचल्यानं मेले. आजारी भावाला, सुनेला, लेकीला घेऊन शेकडो मैल आलेली माणसं होती ती, कारण दुसरीकडे कुठं न्यायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ चालतं: मुजावर दुआ देतो आणि तोच शेजारच्या खोलीतल्या मानसोपचार डॉक्टरकडे पाठवतो. नर्मदेच्या घाटावर, नेमावरला, अमावास्येच्या दिवशी असा एक तंबू लावायला काय हरकत आहे?

हे सगळं महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नाही असं नाही. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत काम सुरू केलं तेव्हा आदिवासींना विचारलं, दवाखाना कसा हवा? मोठी इमारत नको, नातेवाइकांना सोबत राहता येईल अशा झोपड्या हव्यात, असं उत्तर आलं. दवाखान्यातल्या पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, पांढरं आम्ही प्रेताला गुंडाळतो, हेही लोकांनी सांगितलं. मग शोधग्रामात तसाच दवाखाना झाला, दंतेश्वरी देवीच्या नावाचा. विचारलं म्हणून कळलं. आमच्या बाजूला, बडवानीच्या जिल्हा रुग्णालयात, २०१० च्या एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत पंचवीसच्या आसपास बाळंतिणी दगावल्या, बहुतेक आदिवासी. त्या वर्षअखेर जागृत आदिवासी दलित संघटनेच्या झेंड्याखाली लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठं बाहेरचे अभ्यासक तपासायला पोहोचले. एका ठिकाणी डॉक्टरांनी आधी विचारलं. दुसऱ्या ठिकाणी ऐकून घ्यायला लोकांना मोर्चा काढावा लागला.

कुमार गंधर्व १९४८ च्या जानेवारीत क्षयानं खंगलेले देवासला आले. मूळचे कानडी मुलखातले, वाढले मुंबईत, आणि पडून होते माळव्यात. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं म्हणून ते वाचले, हे खरं. पण त्या सगळ्या वर्षांत औषधाची वेळ, पथ्य, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न, सगळं त्यांच्या पत्नी भानुमतीबाईंनी सांभाळलं, हे देवासच्या आमच्या आधीच्या पिढीनं पाहिलेलं आहे. शिकलेलं, आपल्या भाषेत बोलणारं, डॉक्टरांना न घाबरणारं माणूस उशाशी होतं. मध्यमवर्गीय मराठी घरात आजही असं कुणीतरी असतंच. पुण्यात डॉक्टर असलेला भाचा असतो, फोनवर रिपोर्ट वाचणारी नणंद असते. कोरकू बाईकडे बाजाराला आलेली म्हातारी असते, तीही आली तर.

आशाताई आहेत की, असं कुणी म्हणेल. आशाताई गावातून दवाखान्यापर्यंत येते, रात्री-बेरात्री येते, तिच्यासारखं काम कुणी करत नाही. पण तिला कामागणिक मोबदला मिळतो, दवाखान्यात बसायला तिला खुर्ची नाही, आणि इंदूरला गाडी निघाली की तिची हद्द संपते. दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: असा माणूस नेमला की भांडणं वाढतील. मी उलट पाहिलं आहे. दवाखान्यातल्या काचा फुटतात त्या आत काय चाललंय हे तासन्‌तास कुणी न सांगितल्यावर. शंभर रुग्णांच्या रांगेपुढे बसलेल्या एकट्या डॉक्टरला प्रत्येकाची भीती ऐकून घेता येत नाही, आणि तसा हट्ट मी धरणारही नाही. म्हणून तर वेगळा माणूस हवा.

पैशांचं म्हणाल, तर त्याचीही वाट इंदुरातच सापडते. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला, त्यानंतर उंदरांनी पोखरलेलं एमवाय रिकामं करून साफ केलं गेलं, आणि लोकांना कारभारात घ्यायचं म्हणून रोगी कल्याण समिती तिथं उभी राहिली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानं ती कल्पना देशभर नेली; महाराष्ट्रात तिलाच रुग्ण कल्याण समिती म्हणतात. समितीकडे स्वतःचा निधी असतो, तो स्थानिक गरजेप्रमाणे खर्चायचा असतो. त्यातून रंगरंगोटी होते, पंखे येतात, फरशी बसते. त्यातूनच लोहारद्यात, सतवासला, कन्नोदला, धारणीला एकेक रुग्णसोबती नेमता येईल, आणि एमवायसारख्या मोठ्या रुग्णालयात दोन-तीन, जे खालून आलेल्या चिठ्ठीबरोबर रुग्णाला ताब्यात घेतील.

पात्रता फार नको. कोरकू किंवा बारेली घरची भाषा असावी, हिंदी समजावी, आठवी झालेली असली तरी चालेल. बाई असली तर उत्तम. संमतीच्या कागदावर डॉक्टर आणि रुग्णाबरोबर तिचीही सही असावी, ‘मी हे यांच्या भाषेत सांगितलं आणि यांनी मला उलट सांगून दाखवलं’ अशा मजकुराखाली. उलट सांगून दाखवल्याशिवाय तिनं सही करू नये, आणि तिनं सही केली नाही म्हणून तिला कुणी कामावरून काढू नये, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहिलेलं असावं. पगार आशाताईसारखा कामागणिक नको, महिन्याचा हवा. ड्यूटी रात्रीचीही हवी. आमच्याकडच्या बाळंतिणी बहुधा अंधार पडल्यावरच पोहोचतात. दिवसभर घरी वाट बघितलेली असते, गाडी मिळायला वेळ लागतो, आणि रात्री अकराच्या पुढे दवाखान्यात एक सिस्टर, एक वॉर्डबॉय आणि फोनवर असलेला डॉक्टर, याखेरीज कुणी नसतं.